तोफेच्या दुर्बिणीतला बांध

लढाईच्या काळातली इंग्रजी फौजी दुर्बीण आमच्याकडच्या माणसाच्या हातात दिली, तर तो ती लगेच डोळ्याला लावत नाही. आधी हातात तोलतो. मग विचारतो, "किलोवर घेतली का नगावर?"

हा प्रश्न मला गावच्या पारावर विचारला गेला आहे, सासुरवाडीत विचारला गेला आहे आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्येही. मी खरं ते सांगतो, की नगावर. मग समोरचा हळहळतो, "आत पितळ तरी असंल," असं म्हणून माझं सांत्वन करतो आणि दुर्बीण परत देतो. डोळ्याला लावून पाहायची राहूनच जाते.

मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातला. तालुक्याच्या ठिकाणी राहतो आणि तिथल्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि इतरांचं जास्त आहे, ते पुढे येईलच. शाळेत भिंगाचा धडा आम्हाला फळ्यावर खडूने शिकवला. शाळेत खरं भिंग होतं, पण ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात होती. भिंग फुटलं तर जबाबदार कोण, या काळजीने ते कधी बाहेर आलं नाही. त्यामुळे ते फुटलंही नाही, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी 'प्रयोगसाहित्य उत्तम स्थितीत' असा शेरा दिला. शाळेला त्याचा अभिमान होता. मलाही होता. आमच्या शाळेत एक उत्तम स्थितीतलं भिंग आहे, हे मी पाहुण्यांना सांगत असे.

त्यामुळे नोकरी लागल्यावर नगरच्या भंगार बाजारात जुन्या पंख्यांच्या आणि मिक्सरच्या ढिगात मला एक काळी, जाडजूड दुर्बीण सापडली, तेव्हा मी भाव न करता ती घेतली, हे मी लपवणार नाही. नगर हे छावणीचं गाव. फौजेतून बाद झालेला माल कुठून कुठून फिरत शेवटी इथल्या भंगारात येतो. ताडपत्र्या, डबे, बूट, आणि कधी नशीब असलं तर काचेच्या वस्तू. दुर्बिणीच्या अंगावर टोकाशी जुळलेले तीन फराटे कोरलेले होते. इंग्रज सरकार आपल्या मालावर ही खूण करत असे. गावी नेल्यावर आईने ती खूण पाहिली आणि म्हणाली, "कोंबडी चालून गेलीय जनू."

भंगारवाले चाचा म्हणजे या छंदातले माझे गुरू, कारण काहीही झालं तरी ते माल फेकत नाहीत.

"कुणाची असेल हो ही, चाचा?"

"जनरलसायबाची, सर. गळ्यातली हाय."

पुढच्या खेपेला मी पाण्यात तरंगणाऱ्या तबकडीचं होकायंत्र घेतलं. तेही जनरलसाहेबांचं निघालं. मग रणगाड्याच्या छपरातून बाहेर पाहायची आरशांची पेटी घेतली, चढण मोजायचं यंत्र घेतलं, तोफेवरची एक आखूड दुर्बीण घेतली. सगळं जनरलसाहेबांचं.

"चाचा, सगळे जनरलच होते, तर लढायला कोण गेलं?"

"कोन न्हाई गेलं, सर," चाचा शांतपणे म्हणाले. "म्हनून तर माल शाबूत राहिला."

माल तसा फार शाबूत नसतो. ऐंशी पावसाळे खाल्लेल्या काचेवर आतून बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. दोन भिंगं चिकटवलेला डिंक पिवळा पडतो. मी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर चटई टाकून एकेक स्क्रू सोडवतो, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने काच पुसतो आणि परत बसवतो. त्या वेळी मला जे समाधान मिळतं, ते लोकांना कळावं म्हणून मी पूर्वी बोलवून दाखवत असे. लोक येत. पाहत. दुर्बिणीतून पलीकडच्या वस्तीवरची म्हैस ओळखत आणि म्हणत, "हे तर नुसत्या डोळ्यानं बी दिसतंय."

बायकोने रणगाड्याची ती आरशांची पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसवून घेतली. ओट्यापाशी उभं राहून फाटकात कोण आलंय ते तिला दिसतं, आणि दार उघडायचं की नाही ते ठरवता येतं. ती म्हणते, "तुमच्या सगळ्या पसाऱ्यात ही एवढी एक कामाची." शत्रूच्या माऱ्यात मान बाहेर न काढता पाहता यावं म्हणूनच ती पेटी केलेली होती, तेव्हा मला यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही.

होकायंत्र मात्र आमच्या गावच्या पाणाड्याने मागून नेलं. तो पूर्वी तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीखालचं पाणी सांगायचा. होकायंत्र हातात आल्यावर त्याने नारळ सोडला. सुई जिकडे, तिकडे पाणी. म्हणजे प्रत्येकाचं पाणी उत्तरेला निघू लागलं. मी त्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल समजावून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्येच तर म्हनतो मी. पृथ्वीच सांगती." काहींना पाणी लागलं, काहींना नाही. नारळाचंही तसंच होतं.

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं, आणि प्राचार्य म्हणाले, "सर, तुमचं ते मांडा ना. मुलांच्या ज्वालामुखींपेक्षा बरं."

मी एका लांब टेबलावर हिरवी चादर टाकून सगळं मांडलं. प्रत्येकापुढे माहितीची पाटी ठेवली. मधोमध माझी सगळ्यात आवडती वस्तू होती. तिपाईवर बसणारं यंत्र, वर लहानशी दुर्बीण, खाली अंश कोरलेली गोल तबकडी. तोफा लपवून ठेवलेल्या असत, त्यांना समोरचं काही दिसत नसे. हे यंत्र बाजूला उभं करून दोन खुणांमधला कोन मोजायचा आणि त्यावरून तोफांची तोंडं वळवायची, असा त्याचा उपयोग. दुर्बिणीत डोळा लावला की काचेवर कोरलेली एक बारीक काळी उभी रेघ दिसते. ज्यावर नेम धरायचा, त्यावर ती रेघ आणायची.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्षसाहेब आले. फीत कापली, नारळ फुटला, शाली झाल्या. माझ्या टेबलापाशी आल्यावर त्यांनी ती पहिली काळी दुर्बीण उचलली आणि उलटी धरली. मोठी भिंगं डोळ्यांना, लहान समोर. पटांगणाकडे तोंड करून ते बराच वेळ पाहत राहिले.

"वा," ते म्हणाले. "किती लांबचं दिसतंय!"

ते खरंच होतं. पंचवीस पावलांवरचा झेंड्याचा खांब त्यांना शेजारच्या तालुक्यात, श्रीगोंद्यात दिसत असणार. मी पुढे सरलो, पण प्राचार्यांनी माझा कोपर धरला. अध्यक्षसाहेबांनी दुर्बीण उपाध्यक्षांच्या हातात दिली. उपाध्यक्षांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, कारण ते फौजेच्या भरतीला जाऊन आलेले होते. पण साहेबांनी जशी धरली होती तशीच त्यांनीही धरली. मग सचिव, मग खजिनदार, मग प्राचार्य. सगळ्यांनी उलटी धरून पाहिली आणि सगळ्यांना लांबचं दिसलं. भाषणात अध्यक्षसाहेब म्हणाले, की आपल्या पूर्वजांनी आणि इंग्रजांनी किती लांबचं पाहिलं होतं, ते आज मला प्रत्यक्ष अनुभवता आलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिपाईवरच्या यंत्रासह माझा फोटो आला. वार्ताहर भला मुलगा होता. त्याने पाटी वाचली, त्यात 'कोन मोजण्याचे यंत्र' असं होतं. जागा कमी पडली म्हणून त्याने मधले शब्द कमी केले. मथळा झाला: 'प्राध्यापकांकडे ब्रिटिशकालीन मोजणी यंत्र'.

आमच्या भागात 'मोजणी' म्हटलं की शेताची. दुसरी कसली मोजणी असू शकते, असं कुणाच्या मनातही येत नाही.

आता माझ्या घरची हकीकत सांगायला हवी. वडील धाकटे, चुलते थोरले. चुलत्यांना मी तात्या म्हणतो, वडिलांना दादा. हायस्कूल दुसऱ्या गावाला होतं. तात्या डेअरीला दूध घालायला सायकलवर जायचे. कॅरिअरच्या एका अंगाला दुधाचा कॅन, दुसऱ्या अंगाला मी. रस्त्यात कुणी चेष्टा केली तर तात्या म्हणायचे, "कॅनपरीस ह्यो हलका हाय, पर सांडला तर डेअरीवाला दुसरा देनार न्हाई." मी शाळेत असताना माझ्या वाट्याचं रानातलं काम दादा करायचे, आणि मला कधी बोलून दाखवलं नाही. एकाने नेलं, दुसऱ्याने मागे राहून सांभाळलं, म्हणून मी शिकलो. या दोघांतला कोणता हात जास्त, हे मला आजही ठरवता येणार नाही.

वाटणी झाली तेव्हा कुरकूर झाली नाही. मधे एक बांध पडला, त्याच्या दोन टोकांना दोन हद्दीचे दगड. पुढे कधीतरी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याने वळण घेताना बांध खरवडला आणि खालच्या टोकाचा दगड उखडून गेला. कुठे गेला, कुणाला माहीत नाही. दादांचं म्हणणं, तात्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. तात्यांचं म्हणणं, दादांनी. ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, "मी गानी ऐकत हुतो."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे थेट बंद. दादा गोठ्यात म्हशीला वैरण टाकताना पलीकडे ऐकू जाईल असं तिच्याशी बोलायचे, "काही लोकांचं बांध खाल्ल्याबिगर पोट भरत न्हाई, व्हय ना गं?" त्यावर तात्या आपल्या कुत्र्याला म्हणायचे, "गप रं. भुकनाऱ्याकडं ध्यान दिऊ नाय." सरकारी मोजणी झाली. मोजणीदाराने निघताना तात्यांच्या ओट्यावर चहा घेतला, म्हणून दादांनी ती मोजणी मानली नाही. दुसऱ्यांदा आणवली, तर मोजणीदाराला दादांच्या घरी लघवीला जावं लागलं. तात्यांनी तीही मानली नाही.

आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली. तात्यांनी निरोप पाठवला, "बांध सरळ झाल्याबिगर मी मांडवात पाय ठेवनार न्हाई." दादा म्हणाले, "न ठेवंना." पण पत्रिका छापायला टाकेनात. प्रेसवाल्याचा रोज फोन यायचा, की चुलत्यांचं नाव वर घ्यायचं ना? दादा त्याला माझा नंबर द्यायचे. थोरला भाऊ जिवंत असताना, शेजारच्या घरात असताना, त्याच्या पाठीमागे पोरीला अक्षता पडणार, ही गोष्ट दादांना गिळता येत नव्हती आणि थुंकताही येत नव्हती. बहीण कुणाला काही म्हणत नव्हती. ती फक्त मला विनवायची, "दादा, तू बोल ना तात्यांशी." ती मलाही दादाच म्हणते.

अशात सरपंच मोबाईलवर तो फोटो घेऊन तालुक्याला माझ्या घरी आले.

"सर, यंत्र आना की गावाकडं. एवढं घरात आसून बांध वाकडा ऱ्हातोय म्हंजे काय?"

मी त्यांना समजावलं, की ते तोफेचं आहे. ते दोन दिसणाऱ्या खुणांमधला कोन सांगतं. दगड मुळात गेलेलाच आहे. जो दिसत नाही तो कुठे होता, हे यंत्राला कळत नाही.

"त्यो कोन काय आसंल त्यो मोजा तुमी," सरपंच म्हणाले. "आमी मान्य करतो."

तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "इंग्रजाचं हाय. त्याला ना माझं सोयरं ना त्याचं. चालंल मला." दादांना विचारलं. दादा म्हशीकडे पाहून म्हणाले, "मला बी चालंल." बांध खरवडला गेल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती. यंत्र शेतमोजणीचं नाही, हे सांगून ती मोडायची माझी छाती झाली नाही. मी मनात म्हटलं, निदान दोघं एका रानात तर उभे राहतील.

ऑक्टोबरचं ऊन होतं. बाजरी निघून रान मोकळं झालेलं. मी सकाळी गावात शिरलो तो कुणाच्याच घरी न जाता थेट रानात. तहान लागली होती, पण पाणी कुणाच्या तांब्याने प्यायलं यावर पुढे निकाल मोडला असता, म्हणून मी मोटारसायकलच्या डिकीतलं गरम पाणी प्यायलो. रानात निम्मा गाव जमलेला. सरपंचांनी नारळ आणला होता. तो फोडल्यावर कुणीतरी हळदकुंकवाची वाटी पुढे केली, आणि बोट सरळ दुर्बिणीच्या काचेकडे गेलं. मी मधे हात घातला.

"काचेला नको, काकू. तिपाईला लावा."

"डोळे सोडून पायाला कुंकू? आसा कंचा देव आस्तो?"

शेवटी तबकडीच्या कडेला एक टिकली लावून तडजोड झाली.

वरच्या टोकाचा दगड शाबूत होता, त्यावर मी यंत्र उभं केलं. खालच्या टोकाला दादांनी झेंडीची काठी धरून उभं राहायचं ठरलं. दगड कुठे होता ते दादांच्या मते आधी दाखवायचं, नंतर तात्यांच्या मते, आणि दोन्हींमधला कोन मी मोजायचा. म्हणजे भांडण नेमकं किती जागेचं आहे ते तरी कळेल, असा माझा हिशेब. दादा ताठ चालत गेले. जिथे उभे राहिले ती जागा विहिरीच्या बाजूला, चांगली तात्यांच्या रानात सरकलेली होती. तात्यांनी ते पाहिलं आणि धोतराचा सोगा झटकला.

मी डोळा लावला, रेघ काठीवर आणली आणि बाजूला झालो. सरपंच पुढे वाकले.

"आयला!" ते ओरडले. "रेघ हाय की! इंग्रजानं रेघ मारून ठिवलीय!"

मी म्हणालो, "सरपंच, ती काचेवरच कोरलेली आहे. जिकडे फिरवाल तिकडे ती दिसणार."

पण कुणी ऐकायला राहिलं नव्हतं. रांग लागली. मी दुर्बीण फिरवायचा स्क्रू दाखवला, रेघ काठीवर कशी आणायची तेवढं शिकवलं आणि काच वाचवायला शेजारी उभा राहिलो. एकेक जण वाकायचा, एक डोळा मिटायचा, आणि त्याला रेघ दिसायची.

"दिसली का रं?"

"लई बारीक हाय, पर सरळ हाय."

"सरळच आसनार. तवाचे लोक सरळ हुते."

एका म्हाताऱ्याने दोन्ही डोळे मिटून पाहिलं आणि त्यालाही दिसली. पाणाडी आला होता, त्याने रेघेच्या उत्तरेला पाणी आहे असं सांगून टाकलं. सोसायटीचा चेअरमन बाजूला घेऊन मला म्हणाला, "माझ्याकडं बी एक दिवस आना, सर. शेजारी लई माजलाय." रांग संपत नव्हती. पाहून झालेले परत मागे जाऊन उभे राहत होते. ऊन चढलं. मी पदराची टोकं, बोटं आणि पान खाल्लेली तोंडं काचेपासून दूर ठेवत होतो, त्यात खालच्या टोकाला काय चाललंय याकडे माझं लक्ष राहिलं नाही.

शेवटी सरपंचांनी पुन्हा एकदा डोळा लावला, स्क्रू फिरवला, उभे राहिले आणि हात वर केला.

"झालं! इंग्रजाची रेघ लिंबाच्या बुंध्यावरनं जातीय. आमी समद्यांनी पायली. निकाल झाला."

गर्दीतून "व्हय, व्हय" असा आवाज उठला. मी चमकलो. लिंब? लिंब दादांच्या रानात होता, बांधापासून चांगला आत. तात्यांनी सुद्धा कधी तिथवर हक्क सांगितला नव्हता.

मी खाली पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं. ऊन सोसेना तसे दादा काठी हातात धरून पाऊल पाऊल सरकत लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले होते. रेघ त्यांच्यामागे गेली होती. सावलीसाठी माझ्या बापाने आपल्याच रानाचा एक पट्टा भावाला देऊन टाकला होता, त्यावर निम्म्या गावाची साक्ष झाली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी तोंड उघडणार, तोच तात्यांनी मला हाताने बाजूला सारलं. "मला बघू दे."

तात्या जिंकले होते. एक 'व्हय' म्हणायचं बाकी होतं. मग बांध सरळ झाला असता, तात्या मांडवात आले असते, आणि दादा त्या मांडवात मेल्यासारखे वावरले असते. ते 'व्हय' मोडून काढायचं तर तात्यांना खोटं पाडावं लागणार होतं, तेही गावासमोर.

तात्या वाकले. टोपी मागे सारली. डोळा लावून पाहत राहिले. इतरांपेक्षा बराच वेळ पाहत राहिले.

"रेघ दिसली का?" सरपंचांनी विचारलं.

त्या दुर्बिणीतून माणूस चार पट जवळ दिसतो. दादा टोपी काढून तिने वारा घेत होते. टक्कल चमकत होतं. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. काठी धरून धरून हात अवघडला होता, म्हणून ती त्यांनी छातीशी कवटाळली होती. तोफेची काळी रेघ काठीवर, म्हणजे नेमकी दादांच्या छातीवर उभी होती. शेजारच्या घरात राहून इतक्या दिवसांत तात्यांनी भावाला इतकं जवळून पाहिलेलं नव्हतं.

"लई वाळलाय," तात्या स्वतःशीच म्हणाले.

"कोन, लिंब?" सरपंच म्हणाले.

तात्या ताठ उभे राहिले. दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी हाळी दिली.

"आरं ए येड्या! सावलीतनं भाईर हो! रान घालवशील समदं!"

दादा दचकले. इकडे तिकडे पाहिलं. मग वर लिंबाकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं, आणि त्यांना उमगलं. तरीही ते हलले नाहीत. त्यांनी हाळी परत दिली.

"मंग किती येळ उन्हात उभा करता मानसाला? काठी धरून हात गेला माझा!"

"दोन घटका उभं ऱ्हाववत न्हाई, आन् बांध मागतोय!"

"मंग तू यून धर की! थोरला हाईस ना?"

"थांब तितंच!" तात्या ओरडले. "आलो."

आणि ते ढेकळं तुडवत, धोतर सावरत, सरळ रानातून निघाले. बांधावरून गेले नाहीत.

सरपंच गोंधळले. "आहो पर निकाल झाला ना? तात्या! रेघ तुमच्या बाजूनं हाय!"

तात्यांनी मागे न पाहता हात झटकला. ते तिथे पोचले, त्यांनी दादांच्या हातातून काठी ओढून घेतली, त्यांना सावलीतून बाहेर काढलं आणि दोघं भांडू लागले. शब्द ऐकू येत नव्हते. तात्या काठीने जमिनीवर काहीतरी दाखवत होते, दादा मान हलवत होते, मग दादा दाखवत होते आणि तात्या कपाळाला हात लावत होते. मधेच दादांनी मटकन बसून चपलेतला काटा काढला, तेवढा वेळ तात्या काठी धरून त्यांच्यावर सावली पडेल असे उभे राहिले. मग पुन्हा भांडू लागले.

मी यंत्र तिपाईवरून उतरवायला घेतलं. रांगेत मागे असलेले चिडले.

"आमचा नंबर कधी?"

"संपलं आता," मी म्हणालो.

"ह्ये बरंय सर. इंग्रजाची रेघ काय तुमच्या एकल्याची हाय?"

त्या दिवशी बांधाचं काय ठरलं ते मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही. दोघांना वेगवेगळं विचारलं तर दोघंही म्हणतात, "ते आमचं आमी बघू." नवा दगड बसलेला नाही. जुना सापडलेला नाही. बांध होता तिथे, होता तसा वाकडा आहे, आणि पेरताना दोघंही त्याच्यापासून हातभर लांब राहतात. त्या पट्ट्यात आता नुसतं गवत येतं. ते कोण कापतं, हे मी विचारलेलं नाही.

पत्रिका त्याच आठवड्यात छापायला गेली. चुलत्यांचं नाव वर.

हळदीच्या आदल्या दिवशी मांडव घालायला माणसं आली, तेव्हा तात्या सकाळीच येऊन अंगणात उभे होते. मधला खांब कुठे रोवायचा यावरून त्यांचं आणि दादांचं जुंपलं. म्हशीमार्फत नाही, कुत्र्यामार्फत नाही, एकमेकांच्या तोंडावर. मांडववाला खड्डा बुजवायचा आणि पुन्हा खणायचा. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि पाहुण्या बायकांना वाटलं की पोरीला सासरी जायचं दुःख झालं.

मी एकदा मधे पडायला गेलो. म्हटलं, जागा मोजून घेऊ का?

"तू लांब हो," दोघंही एकदम म्हणाले.